शिडीबाबांचा लाल दोरा

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. छपराचे पत्रे ठोकणारे सगळे कारागीर माना वर करून उभे. गुळगुळीत फरशीवर शिडी, शिडीला शिडीबाबांचा मंतरलेला लाल दोरा, आणि वर टोकाला मुकादम दोन्ही हात सोडून उभा! शिडी तसूभर हलेना.

"मघाशी बिनदोऱ्याची सटकली की नाही?" बाबा गरजले. "आता भूकंप आला तरी शिडी म्हणेल, मी नाही ज्जा!"

ठेकेदार खुलला. "चला, उद्यापासून शिडी धरायला माणूस नको. धरणाऱ्यांना सुट्टी!"

गर्दीतला एक पत्रेवाला बायकोशेजारी उभा राहून शिडीच्या टोकाकडे बघत राहिला. त्याची शिडी तीच धरायची. वरून तो विचारायचा, "आहेस ना?" खालून ती म्हणायची, "आहे." मगच हातोडा चालायचा. गेल्या महिन्यात त्याचा धाकटा भाऊ शिडीवरून पडला, तेव्हा खाली धरायला कोणी नव्हतं. तो अजून खुबा मोडून अंथरुणात होता.

"अहो," बायको कुजबुजली, "वर काय बघताय? खाली बघा."

खाली बाबांचा चेला होता. भरल्या पोत्यासारखा. डोळे मिटून, हात जोडून, शिडीच्या पहिल्याच पायरीवर दोन्ही पाय रोवून उभा.

"बाबा, यांना जरा बाजूला घेता का?" तिने मोठ्यांदा विचारलं.

"तो मंत्रशक्ती झेलतोय, बाई!"

"झेलू दे की, त्या कोपऱ्यात उभं राहून. आणि दोरा तुमचा, तर चढाही तुम्हीच."

हशा पिकला. "चढा बाबा, चढा!"

मुकादम उतरला, चेला कोपऱ्यात गेला. बाबा घाम पुसत निम्म्या शिडीपर्यंत पोचले आणि शिडीचे पाय करकरत मागे सरकू लागले.

"धर गं बाई, धर!"

तिने झटकन पहिल्या पायरीवर पाय रोवले. शिडी जागच्या जागी थांबली.

"हाच यांचा मंत्र," ती म्हणाली. "खाली माणसाचं वजन पडलं की शिडीचे पाय फरशीला धरून राहतात. दोरा नुसता बघत असतो."

ठेकेदाराने मान खाली घातली. "धरणारे राहू देत," तो पुटपुटला.

शिडी कोणाची भक्त नसते. ती घट्ट जागी टेकवा, वरचं टोक बांधा, खाली माणूस उभा करा. आणि चमत्कार दिसला, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा तळाशी बघा.

दुसऱ्या दिवशी छपरावरून हाक आली, "आहेस ना?"

"आहे. जाते कुठे?"

हातोडा चालू झाला.