कॉम्प्युटरला लागलेली नजर

उमाच्या दारात त्या दिवशी माधवनगरची अख्खी गल्ली लोटली होती. सत्त्याण्णव सालची ही गोष्ट. घरात कॉम्प्युटर असणं हेच तेव्हा नवल होतं, आणि हा तर उमाच्या मयूरीनं, सांगलीला कॉलेजात जाणाऱ्या पोरीनं, सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. पण हल्ली तो सारखा बंद पडे, म्हणून त्याच्यासमोर कडेगावकडचे नजर उतरवणारे भाऊसोबाबा मांडी घालून बसले होते. पडद्यावर रंगीत मासे पोहत होते.

"थोरल्या वैनीस्नी उंबऱ्यावर उभं करा," बाबा म्हणाले. "आता मासं कसं मरत्यात बघा."

उमाची थोरली जाऊ विजयमाला पलीकडच्याच घरात राहायची. ती फाटकातून येताना दिसली तशी उमानं लगबगीनं पडद्याशेजारच्या कॉम्प्युटरच्या पेटीवर झालरीचं जाड कव्हर चढवलं. ते विजयमालेनंच शिवून दिलं होतं. उमाला ते आवडत नसे, एरवी ते कपाटात पडलेलं असे. पण जाऊ आली की बाहेर निघायचं, तिला वाईट वाटायला नको.

बाबांनी अंगारा फुंकला, लिंबू फिरवलं. मंत्रात मधेच 'मेगाबाइट' असाही शब्द ऐकू आला. तो त्यांनी तासाभरापूर्वी मयूरीच्याच तोंडून उचलला होता. विसाव्या मिनिटाला मासे जागच्या जागी थिजले. काही केल्या हलेनात.

"बघितलंसा? नजर हाय ही. तारंतनं आत शिरतीया."

सगळ्यांनी विजयमालेकडे पाहिलं. तिलाही ते खरंच वाटलं. या घरात फ्रिज आधी आला, फोन आधी आला. तिचा शिवतेज दोनदा बारावी नापास होऊन फौजेत गेला आणि उमाच्या पोरीनं कॉम्प्युटर बनवला. कव्हर शिवताना प्रत्येक टाक्याला तिच्या मनात आलं होतं, एकदा बंद पडू दे मेला. आणि तो पडला. ती तिथं गेली की पडायचाच. मयूरीनं मेमरीची पट्टी काढून पुसली, वायरी बदलल्या, विंडोज दोनदा नव्यानं घातलं. काही उपयोग झाला नव्हता.

बाबांनी उपाय सांगितला, थोरलीनं या घराची पायरी चढायची नाही. मयूरीचा साखरपुडा पुढच्या रविवारी होता. ओटी भरायचा मान मोठी आई म्हणून विजयमालेचा. तो आता गेला.

आठ दिवस कॉम्प्युटर एकदाही अडला नाही. बाबांचा जयजयकार लोणंदपर्यंत पोचला म्हणतात.

शुक्रवारी विजयमालेनं निरोप धाडला, येत नाही तर नाही, माझं कव्हर तेवढं परत द्या. मयूरीनं ते कपाटातून काढलं, घडी घालायला उलटं केलं आणि तशीच उभी राहिली. मागच्या झालरीच्या आतून पुरीएवढा गोल, काळपट धुळीचा डाग होता. पेटीच्या मागच्या पंख्याच्या बरोबर मापाचा.

शनिवारी दुपारी तिनं बाबांना बोलावलं, गल्लीला बोलावलं आणि मोठ्या आईला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं. कव्हर नव्हतं.

"बघत राहा, मोठे आई. पाहिजे तेवढं जळ."

तासभर मासे पोहत राहिले. मग विजयमालेला घरी धाडून कव्हर चढवलं. अर्ध्या तासात मासे थिजले.

"नजर कापडात शिवलीया," बाबा म्हणाले.

मयूरीनं कव्हर काढलं, पेटी निवू दिली, पुन्हा चालू केली आणि आईची सोलापुरी चादर तिच्यावर टाकली. मासे पुन्हा थिजले.

"आता ही कुणाची नजर? आईची?"

पहिल्यांदा शेजारच्या रंगूबाई हसल्या, मग सगळी गल्ली. बाबांना एकाएकी एसटीची वेळ आठवली.

मयूरीनं सर्वांना पंखा दाखवला. आतली गरम हवा तो बाहेर टाकतो. वाट बुजली की पेटी तापते आणि काम सोडते. मग ती कव्हर घेऊन पलीकडच्या घरी गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "माझ्या जोडणीत खोट आहे म्हणण्यापेक्षा तुझ्यावर ढकलणं सोपं होतं, मोठे आई. म्हणून मी गप्प बसले."

विजयमालेनं तिच्या हातातलं कव्हर घेतलं. कात्री मागितली. कव्हराला मागून गोल कापलं, कडेला सुबक टीप मारली आणि ते पुतणीच्या हातात दिलं.

रविवारी तिनं ओटी भरली. उमाची नवी पैठणी बघून ती पुन्हा जळली, अगदी पहिल्यासारखी. तिनं चोरून कोपऱ्यात पाहिलं. कव्हर घातलेल्या पेटीशेजारी मासे मजेत पोहत होते.

जळणारं माणूस कुठल्या घरात नसतं? पण त्या जळण्यानं यंत्र तापत नाही, दूध नासत नाही, लेकरू आजारी पडत नाही. काही बिघडलं तर आधी पेटीमागं हात घालून बघा. माणसाला उंबऱ्याबाहेर काढणं त्यापेक्षा सोपं असतं, म्हणून तर असल्या बाबांचं फावतं.