सुतकातलं उड्डाण

बाबा गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी गणवेश चढवला. चामराजपेटच्या घरात भाड्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारत होता, शेवटी काय खाल्लं होतं त्यांनी? मला ते ऐकवत नव्हतं.

"घरात सुतक आहे. स्वल्प थांब गं," आत्या म्हणाली.

"विमानाला सुतक लागत नाही, आत्या."

"विमानाला नसेल. तुला आहे की नाही?"

मी बॅग उचलली. कंपनीला मी काही कळवलंच नव्हतं. कळवलं असतं तर त्यांनी मला घरी बसवलं असतं, त्याच खुर्च्यांमध्ये.

विमानतळावर श्वासाची चाचणी झाली. दारू प्यायलेली नाही, एवढंच ते यंत्र सांगतं. बाकीचं वैमानिकानं स्वतःला विचारायचं असतं आणि खरं सांगायचं असतं. माझा सहवैमानिक प्रणीत बेळगावचा. बाबा इस्पितळात आहेत, हे त्याला ठाऊक होतं.

"मॅडम, बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. घरी आणलं त्यांना."

घरी आणलं होतंच, शेवटच्या दर्शनासाठी. म्हणून ते साध्या खोट्याहून वाईट होतं.

"मग पेढे कुठायत?" तो हसला.

विमान धावपट्टीकडे निघालं. प्रणीत तपासणीची यादी वाचू लागला. तो एकेक बाब म्हणतो, मी ती डोळ्यांनी पाहून उत्तर द्यायचं.

"फ्लॅप्स?"

"सेट."

तो पुढे गेला नाही. "मॅडम, बघा की."

पंखांच्या त्या कडा उड्डाणाआधी खाली घ्याव्या लागतात. त्या घ्यायला मी सांगितलंच नव्हतं. समोरच्या पडद्यावर फ्लॅप्सचा आकडा शून्य दिसत होता, आणि माझ्या तोंडानं मला न विचारता उत्तर दिलं होतं.

"होतं हो," प्रणीत म्हणाला. "बाबा घरी आलेत म्हणजे जागरण झालं असणार."

माझी चूक झाकायला तो कारण शोधत होता, आणि ते माझ्याच थापेतून उचलत होता. माझे कान तापले.

"बाबा गेले, प्रणीत. शनिवारी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या काचेकडे. रागावला असता तर बरं झालं असतं. मागे विमान भरलेलं होतं.

"परत फिरायचं?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. टॉवरला सांग. विमान तूच ने."

"प्रवाशांना तांत्रिक बिघाड म्हणून सांगतो, मॅडम. कुणी काही विचारणार नाही."

तो पर्याय मला फार आवडला. तेवढ्यासाठीही लाज वाटली.

"नको," मी म्हणाले आणि माईक घेतला. कॅप्टन बोलतेय. विमानात काही बिघाड नाही. माझ्या घरी दुःखद घटना घडली आहे, मी आज उड्डाण करण्याच्या स्थितीत नाही, आणि हे मी घरूनच सांगायला हवं होतं.

दाराच्या पलीकडून कुणीतरी मोठ्यानं काहीतरी बोललं. शब्द कळले नाहीत. प्रणीतनं विमान वळवलं, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले.