चौथ्या सत्राचा रकाना

प्रशिक्षक कोवाल्चिकनं पांढऱ्या चिकटपट्टीचा हातभर तुकडा दातानं तोडला, खेळाडूंच्या खोलीतल्या बाकावर पसरला आणि जाड काळ्या पेनानं त्यावर लिहिलं : दमतो. चौथ्या सत्रात समोरच्याला अडवणं अर्ध्यावर सोडतो. मग तो तुकडा त्यानं झीक मेबेरीच्या कपाटावर, नावाच्या बरोबर खाली, तळव्यानं दाबून बसवला.

ही त्याची दर ऑगस्टची रीत. ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, या अमेरिकन फुटबॉलच्या संघात आलेल्या प्रत्येक नव्या पोराच्या अहवालातलं सगळ्यांत झोंबणारं वाक्य शोधायचं आणि शिबिराच्या पहिल्याच दिवशी कपाटावर डकवायचं. ज्या दिवशी ते खोटं पाडशील त्या दिवशी स्वतःच्या हातानं काढ, तोवर त्याला बोट लावायचं नाही, असा नियम होता.

"हे मी म्हणत नाही हं," तो झीकला म्हणाला. "ते दाराशी उभे आहेत ना, ते म्हणतात. ओरिन हॉगलंड. तीस वर्षं पोरं पारखताहेत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. ओरिन कॉफीचा कागदी पेला धरून उभा होता. झीकनं पट्टी वाचली, परत एकदा वाचली, आणि मग त्यानंही ओरिनकडे पाहिलं. काहीतरी बोलायला म्हणून त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं, कोच," तो म्हणाला. "मेहनत करीन."

या खोलीत खरी गोष्ट आपल्याला एकट्याला ठाऊक आहे, असं ओरिनला वाटत होतं.

मागच्या नोव्हेंबरात तो नेब्रास्कातल्या त्या लहानशा कॉलेजात गेला होता, झीकला बघायलाच. चारांपैकी पहिली दोन सत्रं त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिली. पोरगा चेंडू असा झेलत होता की ओरिनची पेन्सिल वहीवर थांबली ती थांबलीच. मग मध्यंतराला बर्फ भुरभुरायला लागलं. ओमाहाचा विमानतळ तीन तासांवर, गुडघे ठणकत होते, आणि सामना तसाही एकतर्फी चालला होता. तो गाडीत जाऊन बसला. विमानतळावर चेरी भरलेल्या पेस्ट्रीचा तुकडा पुढ्यात घेऊन त्यानं संगणकावर अहवाल भरला. संघाच्या अहवालात एक रकाना असतो : चौथ्या सत्रातली ताकद. तो रिकामा ठेवला तर अहवाल पुढे जातच नाही. उंच, सडपातळ पोरं बहुतेक शेवटी दमतातच, हा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव. त्यानं ते वाक्य लिहिलं, पेस्ट्री संपवली आणि विमानात गाढ झोपला.

कपाटावर पट्टी लागली त्या दुपारी कार्यालयाचं दार लावून त्यानं त्या सामन्याचं चित्रीकरण पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिलं. तिसरं सत्र संपता संपता कुणीतरी झीकच्या घोट्यावर कोसळलं होतं. अख्खं चौथं सत्र पोरगा पायावर बर्फाची पिशवी धरून बाकावर बसला होता. दमायला तो मैदानात होताच कुठे? ओरिननं पडदा बंद केला. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याला मान वर करवेना.

झीक टाइट एंड होता, आणि टाइट एंडचं काम दुहेरी असतं. रांगेच्या टोकाला उभं राहून धिप्पाड गड्यांना अंगावर घ्यायचं, आणि इशारा होताच पळत जाऊन चेंडूही झेलायचा. संघाकडे असे चौघे होते, ठेवायचे होते तिघे. झीक ड्राफ्टच्या सातांपैकी सहाव्या फेरीत निवडलेला, म्हणजे नारळ देण्यात पहिला नंबर त्याचा. बैठकीत कोवाल्चिक म्हणालाही, की हात सोन्याचे आहेत पोराचे, पण ऐन वेळी गळणारा माणूस घेऊन करायचं काय? ओरिननं घसा खाकरला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा त्यानं पाण्याचा पेला उचलला.

सराव संपला की बाकीचे जेवायला पळत. झीक मात्र भर उन्हात मैदानावर थांबे आणि अडवण्याच्या सरावाचा लोखंडी गाडा खांद्यानं रेटत राही, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओरिन खिडकीतून हे नऊ दिवस बघत होता. दहाव्या दिवशी तो खाली उतरला.

"झीक, त्या पट्टीबद्दल बोलायचं होतं."

"बोला ना, सर."

"मी मध्यंतरालाच निघून गेलो होतो. विमान गाठायचं होतं. चौथं सत्र मी बघितलंच नाही. मनानंच लिहिलं ते."

झीकनं शर्टाच्या टोकानं तोंड पुसलं. "माहितीये. मी बाकावर होतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"त्याच अहवालात माझ्या हातांबद्दलही लिहिलंय तुम्ही. असे हात दहा वर्षांत पाहिले नाहीत म्हणून. निवड झाली तेव्हा संघाच्या लोकांनी फोनवर वाचून दाखवलं होतं, आई रडली होती. आमच्याकडे पोरं पारखायला दुसरा कुणी स्काऊट आलाच नाही, सर. या इमारतीत माझ्याबद्दल चांगलं जे काय आहे ते सगळं तुम्हीच लिहिलेलं. तुमचं एक वाक्य खोटं निघालं, तर दुसरं कोण खरं मानणार?"

"मी आजच कोवाल्चिकला सांगतो."

"तुम्हाला बरं वाटेल सांगून," झीक म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर ओरिनला सोसला असता. "माझं काय?"

आयुष्यभर हजारो पोरांना ओरिननं चार ओळींत निकालात काढलं होतं, आणि आज एका पोरापुढे त्याला एक शब्द सुचेना. तो कानकोंडा होऊन गवताकडे बघत राहिला.

"जरा गाड्यावर उभे राहता का?" झीकनं विचारलं. "वजन कमी पडतंय."

ओरिन चढला आणि लोखंडी दांडा घट्ट धरून उभा राहिला. झीकनं खांदा टेकवला. गाडा करकरला, हलला, आणि पोरगा त्याला हिसका न देता, न थांबता रेटत घेऊन गेला. टोकाला पोचल्यावर ओरिन उतरला नाही. गाडा वळवून झीक त्याला परत घेऊन आला. पुढचे तीन आठवडे दोघांचं हेच चाललं, आणि त्या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही.

हंगामाआधीच्या शेवटच्या सामन्यात कोवाल्चिकनं झीकला मुद्दाम चौथं सत्र पूर्ण खेळवलं. पोरानं समोरच्याला एकदाही वाट दिली नाही. ओरिन शेवटची शिट्टी होईपर्यंत जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिघांची नावं ठरली, झीकचं त्यात होतं. नवा अहवाल ओरिननंच भरायचा होता. चौथ्या सत्राच्या रकान्यात त्यानं लिहिलं : दम भरपूर.

"नुसतं दम भरपूर काय?" कोवाल्चिक त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "मोठी सुधारणा, असं लिही. तू दोष हेरलास, आपण तो काढला. पट्टी उगाच लावतो का मी?"

ओरिनची बोटं कळफलकावर थांबली. मग त्यानं लिहिलं : मोठी सुधारणा.

"नजर बघा म्हाताऱ्याची," कोवाल्चिक टेबलावरच्या सगळ्यांना म्हणाला, आणि त्याची पाठ थोपटत त्याला खाली घेऊन गेला. तिथे पोरं कपाटांभोवती जमलीच होती. झीकनं नखानं पट्टीचा कोपरा उचलला आणि ती सावकाश, एका ओढीत काढली. टाळ्या पडल्या. तो गर्दीतून वाट काढत दाराशी आला आणि पट्टी ओरिनपुढे धरली.

"तुमची आहे, सर."

टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी शिट्टी मारली. ओरिननं पट्टी घेतली आणि हात खिशात घातला. खिशातल्या खिशात ती त्याच्या बोटांना चिकटली, आणि कोवाल्चिक हस्तांदोलनाला हात पुढे करून उभा होता तरी त्याला आपला हात बाहेर काढता येईना.