फाडलेलं डफडं

गिरिजाबाईने माळ्यावरून डफडं खाली काढलं, पदराने पुसलं आणि दिल्लीच्या साहेबांपुढे ठेवलं. कडं शाबूत होतं, पण चामडं या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं फाटलेलं.

गेली दोन वर्षं तिच्या मुलाने, देवानंद मास्तरने, पत्रं लिहून लिहून दिल्लीकरांचं डोकं खाल्लं होतं. शिक्षकांच्या सहलीत त्याने तिथलं सरकारी संग्रहालय पाहिलं. महाराष्ट्राच्या दालनात पैठण्या होत्या, पाटलांचे अडकित्ते होते. आपल्या वस्तीतली सुईसुद्धा नव्हती. ते त्याला फार लागलं. आज, चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यात, साहेब एकदाचे बदनापूरला उतरून जीपने घरी आले होते. रिकाम्या हाताने परत गेले तर पुन्हा कोण येणार?

"वस्तू जुनी आहे," साहेब म्हणाले. "चामडं तेवढं नवीन लावून घेऊ. दालनात फाटकं शोभणार नाही."

"मंग न्हाई देत," म्हणत गिरिजाबाईने डफडं मांडीवर घेतलं.

देवानंद पुढे सरकला. "माय, आपलं नाव होईल तिथं. होऊ दे की."

"कशाचं नाव? दवंडी पिटत गावभर फिरायचं अन् भाकर वरून टाकायचे पदरात, त्याचं?" ती साहेबांकडे वळली. "धम्माची दीक्षा घेतली त्या साली चावडीवरून दवंडीचा सांगावा आल्ता. सासऱ्यानं चावडीपुढं जाऊन विळ्यानं फाडलं हे. म्हणले, आता दुसरं कुणी बघा. मी नवी सून. वेशीआडून बघून राह्यले व्हते. लय बरं वाटलं."

साहेबांनी फाटीवरून बोट फिरवलं. काप सरळ होता, एका दमात मारलेला.

"असंच नेतो," ते म्हणाले आणि पिशवीतून छापील कागद काढला. "कारागिराचं नाव? माहीत नसेल तर अज्ञात लिहितो."

गिरिजाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा रिवाज तिने सदतीस वर्षं पाळला होता. तिच्या तोंडून ते नाव देवानंदनेही कधी ऐकलं नव्हतं.

"बनवलं कुणी, मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "फाडलं संपत रामा हिवाळे यांनी. बराबर लिव्हा."