पहिल्या खेपेची चकाकी

मला दाढी येत नाही, हे आर्णीतल्या लोकांनी मला इतक्यांदा सांगितलंय की जणू ती बातमी माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. बाईमाणसाला रेझर बनवायचं काय नडलंय, असं आमच्या वर्कशॉपात पेरणी यंत्र दुरुस्तीला आणणारा प्रत्येक जण विचारून गेला. उत्तर घरी खुर्चीवर बसलेलं होतं.

बापूजींना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात आहे. उजवा हात थरथरतो. जन्मभर लेथ चालवलेला माणूस रोज गाल कापून घ्यायला लागला. न्हाव्याला घरी बोलावलं तर भिंतीकडे तोंड फिरवून बसले. मी करून देते म्हटलं तर माझ्याशी बोलणंच टाकलं.

म्हणून मी रेझर बनवला. पितळेचा, एकाच धारेचा. न्हावी साधं ब्लेड मधून मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात घालतो ना, तसंच अर्धं ब्लेड माझ्या रेझरच्या डोक्यात बसतं. दांडा मुद्दाम जड ठेवला, म्हणजे थरथरता हात त्या वजनानं जरा ताळ्यावर राहतो. आणि धारेपाशी एक पातळ पट्टी ठेवली. गालाला आधी ती टेकते, मग धार. सगळा खेळ त्या पट्टीचा आहे. ती धारेच्या फार जवळ आली तर केस निघत नाहीत, केसभर लांब गेली तर कातडी निघते. ती नेमकी जागा सापडेपर्यंत मी साबण फासलेल्या फुग्यांवर रेझर फिरवत होते. फुगे फटाफट फुटायचे आणि शेजारचा टायरवाला हसत सुटायचा. हसू दे म्हटलं.

शेवटी एक दिवस फुगे फुटायचे थांबले आणि बापूजींनी आपल्या हातानं दाढी केली. आरशात कितीतरी वेळ बघत राहिले. माझा पॉलिटेक्निकचा वर्गमित्र सलील तिथंच होता. त्यानं त्यांचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला आणि मागणी सुरू झाली. मागणारे कोण, तर ज्यांच्या बापाचा हात आमच्या बापूजींसारखाच थरथरतो अशी मुलं-मुली. विकण्याचं सलीलनं बघायचं, बनवण्याचं मी, असं ठरलं. पहिली खेप दिवाळीआधी रवाना करायची होती.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून लेथपुढे मांडतात. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. बापूजींच्या बापापासूनचा नेम आहे. दसऱ्याला जे पहिलं काम निघेल ते मुहूर्ताचं, ते चोख झालं पाहिजे, कारण वर्षभर तसंच काम हातून होतं म्हणतात. मी खेपेतल्या रेझरांची सगळी डोकी ताटात घालून पूजेत ठेवली आणि घरी गेले.

सकाळी वर्कशॉप उघडलं तर ताट झगमगत होतं. माझं पितळ जरा मळकट, हातातून न निसटणारं होतं. हे देवळाच्या कळसासारखं चमकत होतं. सलील छाती फुगवून उभा; वर्कशॉपची एक किल्ली त्याच्याकडेही असायची. नवमीच्या दुपारी तो सगळी डोकी घेऊन यवतमाळला गेला होता, समया आणि घंटा उजळणाऱ्याकडे. त्या माणसानं आपलं काम इमानानं केलं. चेहरा दिसेपर्यंत घासलं. पूजेतलं उचललंस कसं, असं विचारलं तर सलील म्हणाला की ती हत्यारं थोडीच, तो तर माल आहे. मला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे.

मी पट्टी तपासायला हात पुढे करणार, तेवढ्यात बापूजींनी ताटातलं एक डोकं उचललं, अर्धं ब्लेड घातलं आणि आपल्या दांड्यावर चढवलं. नव्या खेपेची पहिली दाढी त्यांचीच, हे आधीच ठरलेलं होतं. त्यासाठीच ते माझ्याबरोबर वर्कशॉपात आले होते, साबण लावूनच बसले होते. डावा गाल अर्धा झाला आणि फेसातून रक्त आलं. थेंबभर नाही. मानेपर्यंत ओघळलं.

"काकांचा हात हलला असेल," सलील म्हणाला.

हे वाक्य मी त्याला कधी माफ करणार नाही. कारण बापूजींनी ते खरं मानलं. उजवा हात टॉवेलखाली लपवला आणि मला म्हणाले, "माहाच हात हालला, पोरी. तुहा रेझर चांगला हाय."

मी दांड्यावरून डोकं सोडवलं. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्या, काढल्या. जी पत्री पट्टी आणि धारेच्या मधे अडकायला हवी, ती सुळकन आरपार गेली. दुसरं डोकं घेतलं, तिसरं घेतलं, तेच. उजळणाऱ्यानं पट्टीच खाऊन टाकली होती, आणि घासून गेलेलं पितळ परत भरता येत नाही. हे सलीललाही कळत होतं. माझ्याच बाकावर बसून शिकला होता तो. माझं डोकं सणकलं ते त्यामुळेच.

तो अजूनही समजूत घालत होता. लोक वाट बघतायत, दिवाळी तोंडावर आली, एवढ्याशा फरकानं काय होतंय. डबीत एक चिठ्ठी टाकू, हलक्या हातानं वापरा म्हणून.

"ज्यायचे हात थरथरतात त्यायले तू हलका हात ठेवा म्हणून लिहून देशीन?" मी विचारलं. "घे. तुही दाढी कर याच्यानं."

मी रेझर त्याच्यापुढे धरला. त्याची दाढी छान कोरलेली, महागाच्या मशीननं. त्यानं रेझरकडे पाहिलं, बापूजींच्या गालाकडे पाहिलं. हात काही पुढे आला नाही. मी धरून उभी राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. शेवटी तो खाली बघायला लागला.

मी बापूजींपुढे बसले, टॉवेलखालचा हात बाहेर काढला आणि त्यात ती पत्री दिली. त्यांनी ती थरथरत पट्टीपाशी नेली. आरपार गेली. पुन्हा घातली, पुन्हा गेली. जन्मभर लेथ चालवलेल्या माणसाला आणखी काय सांगायचं असतं.

"म्हंजे मी नाही कापला," ते म्हणाले.

"नाही, बापूजी."

ते उठले. ते डोकं शिकंज्यात घालून स्वतः आवळलं आणि करवत माझ्या हातात दिली. "मुहूर्ताचं काम हेच. एकबी ठेवू नको."

दसऱ्याच्या दिवशी मी माझीच खेप कापायला घेतली. सलील दारात उभा राहून बघत होता आणि मी त्याला बस म्हटलं नाही.

बापूजींनी तोंड धुतलं, धुतलेलं धोतर नेसले आणि आपट्याची पानं घेऊन सोनं वाटायला निघाले. एक गाल अर्धा साफ, दुसऱ्यावर पांढरे खुंट. मी त्यांच्या रेझरचं जुनं, न उजळलेलं डोकं देत होते, नको म्हणाले. टायरवाल्यानं हसत विचारलं, दाढी अर्धीच काहून. बापूजी त्याच्या हातात पान ठेवत म्हणाले, "बाकीच्या दाढीचा रेझर पोरगी बनवून राह्यली. झाला का करीन."