काचेपलीकडची मावशी

घर इतकं शांत होतं, की फ्रिजसुद्धा श्वास रोखून बसलाय असं वाटत होतं. त्या शांततेत दारावरची बेल वाजली. वाजली कसली, कण्हली. वर्षभराहून अधिक काळ तिला कुणी बोट लावलं नव्हतं, आतली बॅटरी शेवटच्या घटका मोजत असावी. ‘टिंग’ एवढंच बाहेर आलं, पुढचं ‘टाँग’ घशातच अडकलं.

जमिनीवर ठोकळे रचत बसलेली लिंबू दचकून उभी राहिली.

“आई, काय ओरडलं?”

आईला हसू फुटलं, पण अर्ध्यातच विरलं. तीन वर्षांची पोर, आणि तिला बेल ठाऊक नव्हती. असणार तरी कुठून? सामान आणणारे फोन करून पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवून निघून जात. बाबाकडे स्वतःची किल्ली होती. तो गोदामात कामाला होता. सगळं जग बंद असतानाही त्याचं काम एक दिवस थांबलं नव्हतं. बाकी या घरी कुणी येतच नव्हतं.

“ती बेल. मावशी आली!” असं म्हणत ती दाराकडे धावली, मधेच थांबली, मोरीत जाऊन हात धुतले, पुसले आणि मग दार उघडलं. हात का धुतले, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दारात तिची थोरली बहीण उभी होती. हातात पिशवी, तोंडावर मास्क, आणि डोळ्यांत नुसता दंगा.

“काय गं बारके, आत घेतेस की दारातच आरती ओवाळून परत पाठवतेस?”

“ये ना, ताई.”

पण ‘ये ना’ म्हणूनही दोघी जागच्या जागी. आता पुढे काय करायचं असतं, हे दोघीही विसरल्या होत्या. आधी ताईने कोपर पुढे केलं, हिने हात पुढे केला, मग दोघी एकदम हसल्या आणि ताईने पिशवी टाकून तिला घट्ट कवेत घेतलं. ताईच्या केसांचा वास तसाच होता. हिने डोळे मिटून घेतले, आणि तेवढा वेळ श्वासही रोखून धरला. ताईच्या लक्षात आलं असेल का, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सोड आता, दम कोंडेल तुझा,” ताई म्हणाली. म्हणजे लक्षात आलं होतं.

ताई शहरातल्या एका सिनेमागृहाच्या तिकीट खिडकीवर बसायची. सिनेमागृह नुकतंच उघडलं होतं, तेही फक्त संध्याकाळच्या खेळांना. दिवसभर ती मोकळी होती, म्हणून तर लिंबूला तिच्यापाशी ठेवायचा बेत जुळून आला होता. धाकटी खोटे दात बनवणाऱ्या ज्या दंतशाळेत काम करायची, तिथल्या मालकांचा सकाळी फोन आला होता. ही दवाखान्यातली नव्हे, मागच्या खोलीतली माणसं. प्लॅस्टरच्या जबड्यांवर मेणाचे दात कोरायचे, रंग जुळवायचा, भट्टीत भाजायचे, घासून पाठवायचे.

“अहो, कामाचा नुसता पाऊस पडलाय,” मालक म्हणाले होते. “इतके दिवस मास्कखाली सगळं झाकलं होतं. आता लसी झाल्या, मास्क उतरायला लागले, आणि ज्याला त्याला आपला पडलेला दात आठवलाय! सगळ्या गावाला एकदम हसायची घाई झालीय. सोमवारी येताय ना? नसेल जमत तर संध्याकाळपर्यंत सांगा. एक मुलगी विचारून गेलीय, पण हात तुमच्यासारखा नाही तिचा.”

तिला जायचं होतं. मेणाच्या वासाचीसुद्धा तिला आठवण यायची. रात्री लेकीला थोपटताना अंगठ्याच्या नखाने ती उशीच्या कडेवर नकळत दात कोरत बसायची. पण लिंबूला सोडायचं कुणापाशी? ताईपाशी. दुसरं कोण होतं?

“कुठंय माझं आंबट बोचकं?” ताईने मास्क खाली ओढला, साबणाने हात धुतले आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पसरले. कागदोपत्री नाव ठरायच्या आधीच ‘लिंबू’ हे नाव तिनेच ठेवलं होतं. जन्मल्या जन्मल्या पोरीने तोंडच तसं केलं होतं.

लिंबू आईच्या मागे. एक डोळा बाहेर.

ताईने गुडघ्यांवरच पुढे सरकत तिला पकडलं आणि गालाची मोठ्ठी पापी घेतली. लिंबू रडली नाही. ती शांतपणे स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालचं फडकं घेऊन आली आणि आपला गाल खसाखसा पुसला. मग स्टूल ओढत खिडकीपाशी नेलं, वर चढली आणि बाहेरच्या फुटपाथकडे बघत म्हणाली,

“मावशी नाही आली.”

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

चूक त्यांचीच होती, आणि अशी चूक या घराशिवाय कुणाच्या हातून झाली नसती. घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी थेट फुटपाथवर उघडणारी. म्हणजे उघडत होती, पूर्वी. दर रविवारी ताई त्या खिडकीबाहेर येऊन उभी राहायची. काच जाड, आवाज पोचायचा नाही, म्हणून आत खिडकीच्या कट्ट्यावर फोन लावून ठेवायचा आणि ताईने बाहेरून बोलायचं. निघताना लिंबू काचेला ओठ लावायची, बाहेरून ताई लावायची, आणि मग आईने शिकवल्याप्रमाणे लिंबू फडक्याने काच पुसायची. बाहेरची काच ताई आपल्या रुमालाने पुसायची. त्यात तिघींना इतकी गंमत वाटायची, की कुणाच्या ध्यानातच आलं नाही. लिंबूच्या लेखी मावशीचा चेहरा काचेत राहायचा आणि आवाज फोनमध्ये. ही जी बाई घरात घुसून गाल ओला करत होती, तिला ना काच होती ना फोन.

“ऐक गं,” ताई म्हणाली, “सुई टोचून घेतली, दोनदा. ताप काढला, हात धरून विव्हळले. आणि ही म्हणते मावशी नाही आली! बरोबरच आहे म्हणा, माझी सगळी नोकरी काचेमागे. काचेबाहेर मला ओळखतंय कोण?”

हसली ती, पण पिशवीतून आणलेली केळी आणि चित्रांचं पुस्तक ओट्यावर मांडताना तिची पाठ या दोघींकडे होती, आणि मांडायला जरा जास्तच वेळ लागत होता.

धाकटीच्या हातापायांना मात्र थारा नव्हता. चहा ठेवला, कप धुतले, धुतलेले कप परत धुतले. खिडकीची कडी तपासली. शेवटी तोंडातून निघून गेलंच,

“तिकीट खिडकीवर गर्दी असते का गं, ताई?”

“असते की. सिनेमा आहे तो, स्मशान नाही.”

“नाही, म्हणजे... लोक मास्क लावून येतात ना?”

ताईने केळं सोलता सोलता हात थांबवला. “सरळ विचार ना. माझ्याकडून पोरीला काही होईल का, असंच ना?”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे. आणि मला राग नाही आलाय. थोडासा आलाय. पण मला काय ठाऊक, बारके? आपल्याला टोचली, तिला नाही. लहानांची लस कधी येणार, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मी रोज घरी येऊन आंघोळ करते, मास्क लावते, लांब बसते. याच्यापुढे मी काचेत जाऊन राहू का?”

“जा!” खिडकीतून लिंबू ओरडली. संभाषणातलं तेवढंच तिला कळलं होतं. “काचेत जा!”

मग काय, पन्नाशीला टेकलेली ती बाई निमूट चपला घालून बाहेर गेली, वळसा घेऊन फुटपाथवर आली आणि खिडकीत उभी राहिली. लिंबूने टाळ्या पिटल्या. “मावशी! मावशी आली!” फोन लागला, पापी झाली, फडकं फिरलं. आणि दार उघडून ताई परत आत आली, तर लिंबू पुन्हा आईच्या मागे. एक डोळा बाहेर.

“तू जा बघू जरा,” ताई धापा टाकत म्हणाली. “तू असलीस की ती तुझा पदर... तुझा शर्ट सोडणार नाही. कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून ये. सोमवारी दिवसभर जायचंय, आज एक चक्कर तरी मार.”

“रडली तर?”

“रडू दे. तुला सांभाळलंय मी. तू तर चावायचीस.”

तिने दार ओढून घेतलं. आतून लगेच रडणं सुरू झालं. पाय उचलता उचलेना, तरी ती निघाली.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं होती. तिला कशाचीच सवय उरली नव्हती. न्हाव्याच्या दुकानासमोर बाकावर माणसं आपापला नंबर येईपर्यंत गप्पा छाटत बसली होती. दोन म्हाताऱ्या एकमेकींचा दंड दाबून “तुला कुठल्या हातावर?” विचारत होत्या. समोरून येणाऱ्या माणसापासून ती सवयीने बाजूला झाली, तर तोही नेमका त्याच बाजूला झाला, आणि दोघं ओशाळून हसले. त्याचा वरचा एक दात किंचित आडवा होता. किती दिवसांनी तिने खरं, ओलं, हलणारं तोंड बघितलं! पुढच्या बाईच्या दातांवर चहाचा पिवळसरपणा, तिच्या मागच्या पोराचे अर्धवट फुटलेले सुळे. ती रंग मनातल्या मनात जुळवू लागली आणि क्षणभर तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. साधं, घसा साफ केल्यासारखं. पण सगळं बरं वाटणं त्या एका खोकल्यात वाहून गेलं. कोपरा अजून दूर होता. ती वळली. आधी चालत, मग भरभर, मग जवळजवळ पळत.

दाराशी न जाता ती खिडकीशी गेली. आधी नुसतं बघायचं, असं तिने स्वतःला बजावलं. आत रडत असेल, तर काच ठोठावायची, आत जायचं, आणि मालकांना कळवून टाकायचं की नाही जमत.

हात ठोठावायला वर गेला आणि तसाच राहिला.

लिंबू रडत नव्हती. ती ओट्याला टेकून बसली होती, पाय पसरून, समोर जमिनीवर आईचा जुना फोन. गालांवर ओघळ सुकलेले. आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, स्टुलावर ताई बसली होती. तिच्याही कानाला फोन. एकाच खोलीत, एकमेकींकडे पाठ फिरवून, दोघी फोनवर बोलत होत्या. ताईचे हात हवेत कसल्यातरी गोष्टीतला हत्ती काढत होते. लिंबू फोनकडे बघून हसली. मग मान वळवून तिने त्या पाठीकडे बघितलं. पुन्हा फोनकडे. पुन्हा पाठीकडे. मग फोन उचलून ती बसल्या बसल्याच थोडी त्या पाठीच्या दिशेने घसरली. ताईने वळून पाहिलं नाही. लिंबू आणखी थोडी घसरली.

बाहेर उभी असलेली आई हलली नाही. आत जाऊन पोरीला उचलून छातीशी धरावं, यासाठी तिचं अंग अंग तडफडत होतं. आणि आत गेलं तर ते घसरणं तिथेच थांबेल, हेही तिला दिसत होतं. तिने आपला फोन काढला. मालकांना लिहिलं, ‘सोमवारी येते.’ पाठवलं. लगेच परत घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

मान वर केली तेव्हा लिंबू ताईच्या स्टुलाशी पोचली होती. तिने एक बोट ताईच्या पाठीला लावून बघितलं, पाणी गरम आहे का बघावं तसं. मग कुणी सांगितल्यासारखी खिडकीकडे वळली, आणि तिला आई दिसली. काचेपलीकडे.

लिंबूचा चेहरा एकदम बदलला. ती रडली नाही, धावलीही नाही. तिने मावशीचा हात धरला आणि तिला ओढत खिडकीशी आणलं. ताईचे डोळे लाल झाले होते, पण तोंड नेहमीसारखं सुटलं होतं. तिने काही तरी दाबलं आणि बाहेर फोन वाजला.

“ही विचारतेय, मावशी आत कशी आली,” ताईचा आवाज आला. “मी म्हटलं, मला सुई टोचली, म्हणून आत आले. बरोबर ना? आता म्हणते, आईशी बोलायचंय. घे बाई, बोल.”

खरखर झाली. मग अगदी जवळून, ओला, छोटासा श्वास.

“आई, तुला टोचली?”

“हो गं राणी. टोचली.”

“बाबाला?”

“बाबालाही.”

काचेआड लिंबूने आपल्या दंडाकडे बघितलं. बाही वर केली, दंड इकडून तिकडून नीट तपासला. मग फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

“मला नाही टोचली,” ती म्हणाली. “मग मी आतली की बाहेरची?”