माझं मी घेतो

"थांब जरा," म्हणत लिफ्टमननं बायकोचं मनगट धरलं.

त्याच्या डाव्या दंडातून बाहेर आलेल्या बारीक नळीला सिरिंज लावून झाली होती, तिचा अंगठा दट्ट्यावर टेकला होता. औषधात हवेचा वाटाण्याएवढा बुडबुडा होता.

"दुखतंय का?"

"नाही. हवा राहिलीय बहुतेक."

तिनं सिरिंज काढली, खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिली, टिचकी मारली. "हं, गेली आता."

बुडबुडा होता तिथंच होता. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिला तो दिसतच नाहीये. त्यानं सिरिंज स्वतःकडे घेतली, हवा काढली आणि परत तिच्या हातात दिली. तिनं औषध सोडलं.

लहानपणी झालेल्या आजारानं त्याच्या फुप्फुसांतल्या नळ्या कायमच्या बिघडल्या होत्या. वर्षातून दोन-तीनदा छाती कफानं भरायची, आणि मग पंधरा-पंधरा दिवस शिरेतून अँटिबायोटिक. आधी त्यासाठी दवाखान्यात पडून राहावं लागे. नोकरी जायची वेळ आली तेव्हा वॉर्डातल्या नर्सबाईंनी बायकोला सगळं शिकवलं. तेव्हापासून सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर तीच इंजेक्शन द्यायची. त्या वेळी ती कोपरापर्यंत हात धुवायची, रेडिओ बंद करायची, दाराला कडी लावायची, आणि त्याला बोलूसुद्धा द्यायची नाही.

कचेऱ्यांच्या एका जुन्या इमारतीत तो लिफ्ट चालवायचा. स्टुलावर बसून करायचं काम, म्हणून त्याच्या छातीला झेपत होतं. "दिवसभर लोकांना वर पोचवतो, आपला नंबर काही लागत नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. बायको हसायची नाही. "तुमचा नंबर माझ्या हातात आहे," एवढंच म्हणायची.

त्या दिवशी लिफ्टमध्ये बसून तो एकेक गोष्ट जुळवत राहिला. हल्ली ती कपाला बोट लावून मगच चहा ओतायची. सुईत दोरा घालायला त्याच्याकडे द्यायची, वर "तुम्हाला नाहीतरी काय काम आहे" असं ऐकवायची. तो हसून दोरा घालून द्यायचा.

संध्याकाळी तो म्हणाला, "डोळे दाखवून येऊ या का?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"तरी पण."

दोन दिवसांनी ती त्याच्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात आली. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, उरलीय ती जपू या.

परत घराच्या दारापाशी आल्यावर ती म्हणाली, "इतके दिवस मी तुम्हाला काय देत होते कुणास ठाऊक."

"औषधच देत होतीस. आहे ना मी जिवंत?"

"मग त्या दिवशी हात का धरलात?"

ती कुलूप उघडत होती. किल्लीला भोक सापडेना. तो हात पुढे न करता मागं उभा राहिला. शेवटी कुलूप निघालं.

"नर्सबाईंना विचारतो," आत आल्यावर तो म्हणाला. "माझं मी घेतो."

"घ्या," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

नर्सबाई घरी आल्या. दंडात नळी, म्हणजे डावा हात जवळजवळ कामातून गेलेला. सगळं उजव्यानंच. सिरिंजचं टोपण निघेना तेव्हा त्यानं ते दातांत धरलं.

"दातांनी नाही काका," नर्सबाई म्हणाल्या. "सगळं पुन्हा पहिल्यापासून."

बायको मागं पलंगावर पाठमोरी बसली होती. त्यानं औषधाची बाटली उचलताना काच वाजली, तसे तिथूनच शब्द आले, "आधी नुसतं सलाईन. मग औषध. मग परत सलाईन."

नर्सबाईंनी वळून पाहिलं. "मी जायला हरकत नाही म्हणजे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टेबल पुसलं, सामान मांडलं, औषध भरलं. बाटली एकदा निसटता निसटता वाचली. नळीचं तोंड पुसून त्यानं आधी सलाईन सोडलं, मग औषधाची सिरिंज लावली आणि दट्ट्या हळूहळू दाबायला सुरुवात केली.

मोरीत पाण्याचा आवाज येत होता. जरा वेळानं बायको बाहेर आली. कोपरापर्यंत हात धुतलेले, धुतलेल्या फडक्यानं पुसलेले. ती त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली.

"सावकाश," ती म्हणाली.

"हो."

औषध संपेपर्यंत ती तशीच बसून होती. नर्सबाईंनी शिकवल्याप्रमाणे स्वच्छ हात छातीसमोर उचलून धरलेले, कशालाही लागू न देता.